हजेरीपटावरचं नाव

जेवणं उरकून, शेळ्यांपुढं पाला टाकून बसला असाल. आज आम्ही जरा जड विषय घेतला आहे. पण तो आमचा आम्हीच शोधून काढलेला नाही. मागच्या महिन्यात एका वाडीवर बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला, आणि एक आजी म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर शाळा-शाळा करता. ज्या लेकराचे आई-बाप दोन्ही गेले, त्याला शाळा काय देणार? आधी त्याच्या पोटाला भाकरी बघा."

आजींचं चुकलं असं कुणीच म्हणालं नाही. भाकरी आधीच. पण त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथं नीट देता आलं नाही, म्हणून आज देतो.

आमच्या गटातल्या एका बाईच्या शेजारी दोन भावंडं राहायला आली. मुलगी सातवीतली, तिचा भाऊ दुसरीतला. नावं सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. वडील चार वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली गेले. आई दोघांना घेऊन कोयता चालवत राहिली. गेल्या पावसाळ्यात तिला साप चावला. दवाखाना लांब, गाडी मिळायला रात्र झाली. दहाव्याचं झालं आणि चुलत्यांनी भावंडांना आजोळी आणून सोडलं. आजोळी म्हणजे काय, तर एकटी आजी, पत्र्याची एक खोली आणि दोन शेळ्या.

पंधरा दिवसांत बोलणी सुरू झाली. मुलीचं लग्न करून टाकावं, तिची एक काळजी मिटेल. मुलगा शेळ्यांमागं जाईल, आजीला हातभार होईल. बोलणारी माणसं वाईट नव्हती, हे आम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांना खरंच वाटत होतं की आपण वाट काढतोय. पोरकी मुलगी म्हणजे जोखीम, ती लवकर कुणाच्या तरी घरात गेली की बरं, हा हिशेब आपल्याकडं फार जुना आहे. सातवीतल्या मुलीचं वय किती? बारा-तेरा. कायदा अठरा म्हणतो. पण कायदा वाडीवर चालत येत नाही, कुणाला तरी तो आणावा लागतो.

आम्ही चौघीजणी आजीकडं गेलो. आजी म्हणाल्या, "मला कुठं लगीन लावायची हौस आहे? पण ही दिवसभर घरात भिंतीकडं बघत बसती. पोरगं रात्री अंथरूण ओलं करतंय. मी काय करू?"

शाळेत घाला, असं आम्ही म्हणालो. बोलणं सोपं होतं.

जवळच्या एका शाळेत आजी दोघांना घेऊन गेल्या, तर तिथं सांगितलं, आधीच्या शाळेचा दाखला आणा, जन्माचा दाखला आणा, आधारकार्ड आणा, मग बघू. आधारकार्डं चुलत्यांच्या घरी पेटीत. जन्माचा दाखला कुठं असेल हे सांगणारी आईच नाही. मुलांचे जन्म उसाच्या फडावर, दुसऱ्या जिल्ह्यात झालेले. आजी तीनदा हेलपाटा घालून आल्या आणि चौथ्या वेळी गेल्याच नाहीत. या कागदांपायी पावणेदोन महिने मुलं घरी राहिली. आम्हालाही तेव्हा कायदा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर पहिल्याच दिवशी शाळेच्या दारात उभं राहून बोललो असतो. ही चूक आमची.

तर तो कायदा आता नीट ऐका. २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत शिकायचा हक्क त्यानं दिला. त्यात साफ लिहिलं आहे की वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणानं प्रवेश अडवता येणार नाही. जून उलटला, वर्ष निम्मं सरलं, तरी मुलाला घ्यावंच लागेल. मूल मधे दोन-तीन वर्षं शाळेबाहेर राहिलं असेल तर त्याला वयाच्या मानानं योग्य वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवून त्याची थट्टा करायची नाही. मारायचं नाही, टोचून बोलायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. कागद नंतर गोळा होतात. मूल आधी आत.

दुसऱ्या शाळेच्या बाईंनी नेमकं हेच केलं. दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे, छोटीशी. बाईंनी आजीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि हजेरीपटावर शेवटी दोन नावं लिहिली. म्हणाल्या, "कागदाचं मी बघते. उद्या डबा देऊ नका, इथं खिचडी मिळते. फक्त वेळेवर पाठवा."

आता आम्ही जे सांगणार आहोत ते त्या बाईंकडून शिकलेलं आहे, आणि नंतर आणखी दोन-तीन शाळांत जाऊन पाहिलेलं आहे. मायेची शाळा म्हणजे डोक्यावरून हात फिरवणारी शाळा, अशी आमची समजूत होती. बाईंनी सुरुवातीला मुलीच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. त्यांचं म्हणणं, "सगळं गाव तिला बिचारी म्हणतंय. एक तरी जागा अशी हवी जिथं ती बिचारी नाही."

पहिल्या आठवड्यात त्यांनी मुलीला काहीच विचारलं नाही. आई कशी गेली, वडील कसे गेले, एक शब्द नाही. मुलं मधल्या सुट्टीत विचारायला लागली तेव्हा त्यांनाच बाजूला घेऊन सांगितलं की तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. मुलीला काम दिलं. रोज सकाळी कपाट उघडून पहिलीच्या मुलांना पाट्या वाटायच्या. कपाटाची किल्ली तिच्याकडं. ज्या मुलीला घरी-दारी लोक ओझं म्हणत होते, तिच्याकडं शाळेची किल्ली आली. ती एकही दिवस उशिरा आली नाही.

धाकट्याचं अवघड होतं. तो वर्गात झोपायचा. कुणी पट्टी घेतली तर चावायला धावायचा. खिचडीतली निम्मी खिचडी डब्यात भरून दप्तरात लपवायचा, ती आंबून वास सुटायचा. दुसऱ्या एखाद्या शाळेत त्याला झोपाळू, चावरा, चोरटा म्हणून मोकळे झाले असते. बाईंनी त्याचा अर्थ लावला. रात्री भीतीनं झोप लागत नाही, म्हणून दिवसा लागते. जे होतं ते एका रात्रीत गेलं, म्हणून हातातलं काही सोडवत नाही. उद्या जेवण मिळेल याची खात्री नाही, म्हणून साठवतो. त्यांनी त्याला कोपऱ्यात सतरंजी दिली, अर्धा तास झोपू दिलं. रोज त्याच्याच डब्यात सगळ्यांदेखत घरी न्यायला थोडी खिचडी घालायला लागल्या, म्हणजे लपवायची गरज नाही. दोन महिन्यांनी तो डबा शाळेतच विसरून जायला लागला. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मला कळलं, पोरगं सावरतंय."

मैत्रिणींनो, मूल मोठ्यांसारखं दुःख करत नाही. मोठं माणूस रडतं, बोलतं, देवाला शिव्या देतं. मूल सकाळी खेळतं आणि दुपारी एकदम बिथरतं. आपण म्हणतो, "बघा, याला काहीच वाटत नाही." वाटतं, पण त्याच्याजवळ शब्द नसतात. आणि लहान मुलांच्या मनात एक फार वाईट गोष्ट घर करून बसते, ती म्हणजे माझ्यामुळंच झालं. मी त्या दिवशी हट्ट केला, मी आईला त्रास दिला, म्हणून ती गेली. धाकट्यानं पाच महिन्यांनी बाईंना विचारलं, "मी पाणी मागितलं म्हणून आई अंधारात गेली ना?" बाईंनी सांगितलं की साप कुणाच्याही घरी येतो, तहान कुणालाही लागते, तुझी चूक नाही. त्यानं तोच प्रश्न पुढं सहा-सात वेळा विचारला, आणि बाईंनी प्रत्येक वेळी न कंटाळता तेच उत्तर दिलं.

म्हणून घरीही मुलाला खरं सांगा. "आई बाहेरगावी गेली, येईल" असं सांगितलं तर मूल वाट बघत राहतं आणि पुढं तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. "आई वारली, ती परत येणार नाही, पण आम्ही आहोत" एवढंच, त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत.

मग शाळा यात काय देते? आजींच्या प्रश्नाकडं येतो. ज्याच्या घरात सगळं उलटंपालटं झालं त्याला शाळा रोज तेच देते. तीच घंटा, तीच प्रार्थना, तीच जागा, शेजारी तोच गणप्या. हे आपल्याला कंटाळवाणं वाटतं, पोरक्या लेकराला तोच आधार असतो. हजेरी घेताना रोज कुणीतरी त्याचं नाव पूर्ण उच्चारतं आणि ते "हजर" म्हणतं. नाही आलं तर कुणाला तरी कळतं. मुलगी तीन दिवस शाळेत दिसली नाही की विचारायला माणूस येतो, ही गोष्ट तिचं लग्न ठरवणाऱ्यांनाही ठाऊक असते. आमच्या मुलीच्या बाबतीत तसंच झालं. ती चार दिवस आली नाही म्हणून बाई आजीच्या घरी आल्या, तर पाहुणे बसलेले. बाईंनी भांडण केलं नाही. चहा घेतला, आणि सहज सांगितलं की मुलगी अठराची नसेल तर लग्न लावणारा, लावून देणारा, मांडव घालणारा सगळेच गुन्ह्यात येतात, आणि गावात ग्रामसेवक, अंगणवाडीत ताई यांना हे कळवायचं कामच आहे. पाहुणे पोहे अर्धे ठेवून उठले. आजी नंतर आम्हाला म्हणाल्या, मला नाही म्हणता येत नव्हतं, बाई आल्या म्हणून सुटले.

हे काम आपल्या मातीत नवं नाही. सावित्रीबाई फुल्यांना आपण पहिल्या मुलींच्या शाळेसाठी ओळखतो. पण १८७७ च्या दुष्काळात माणसं गावं सोडून निघाली तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी उपाशी मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम चालवला, तिथं मुलांना रांधून घातलं. आधी १८६३ साली त्यांनी फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं होतं. तिथं जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आई रुग्णांना आणायची आणि हा मुलगा उपचार करायचा. त्याच सेवेत सावित्रीबाई गेल्या. ज्याला जगानं टाकलं असतं, त्याच्या हातात पुढं रुग्णाची नाडी होती.

आणि साताऱ्याच्या वहिनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, मग साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीला जेवायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. त्या या मुलांच्या वहिनी झाल्या. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनींचं नाव आपण बायकांनी तरी घेत राहावं.

आता अगदी आपल्या आठवणीतलं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली पन्नासच्या वर गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्यातल्या दोघीजणी तेव्हा त्या भागात नांदत होत्या. त्या सांगतात, सकाळी ढिगाऱ्यावर बसलेली लहान मुलं रडतसुद्धा नव्हती.

त्या मुलांचं काय करायचं, याला दोन वेगळी उत्तरं निघाली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली. पुढं वाघोलीला त्यांच्यासाठी वसतिगृह आणि शाळा उभी राहिली. एकाच दुःखातून आलेली मुलं तिथं बरोबर वाढली, शिकली, कामधंद्याला लागली. नंतर मेळघाटातली आदिवासी मुलं आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही तिथं आली. दुसरं उत्तर तिथंच, भूकंपाच्या मुलखात निघालं. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या माणसांनी पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं पोरक्या मुलांसाठी 'आपलं घर' सुरू केलं. नावच किती साधं. आश्रम नाही, अनाथालय नाही.

शब्दावरून आठवलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी संस्था काढली, तिचं नाव अनाथ बालिकाश्रम. तेव्हा नवरा गेलेल्या मुलीलाही अनाथ म्हणत, आई-बाप जिवंत असले तरी. आता कुणी असं म्हणेल का? तेव्हा शाळेच्या दाखल्यावर आणि सरकारी फॉर्मवर लागेल तिथं 'अनाथ' लिहावं, बोलताना मात्र मुलाला त्याच्या नावानंच हाक मारावी.

लांब न्यावं की जवळ ठेवावं? आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. ज्याचं कुणीच उरलं नाही, किंवा ज्याच्या घरात मारहाण, दारू, जबरदस्ती आहे, त्याला संस्थेचा आधार हवाच. पण आजी, मावशी, आत्या कुणीतरी मायेचं आहे आणि अडचण फक्त पैशाची आहे, तर मुलाला घरापासून तोडू नये. पैशाची सोय करावी आणि गावच्या शाळेला धरून राहावं. भावंडांना वेगळं तर मुळीच करू नये. आपल्याकडं मुलगा काकाकडं आणि मुलगी मामाकडं अशी वाटणी करतात. आई-बाप गेल्यावर एकमेकांशिवाय त्यांना उरलेलं काय असतं? आणि एक ताकीद. "मी शहरात नेऊन शिकवतो" म्हणत गाडी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती मूल देऊ नका. संस्थेत मूल ठेवायचं तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशानं. दत्तक द्यायचं तरीही कायद्याच्या वाटेनं. मूल संकटात दिसलं तर १०९८ हा नंबर कुठल्याही फोनवरून फुकट लागतो, रात्रीसुद्धा.

पैशाची सोय म्हणजे बालसंगोपन योजना. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं तिचं पूर्ण नाव. आई-वडील दोन्ही गेलेल्या किंवा दोघांपैकी एक गेलेल्या, अठराच्या आतल्या मुलाला घरच्या माणसाजवळ राहून वाढता यावं म्हणून राज्य सरकार दरमहा मदत देतं. आधी ती ११०० रुपये होती, २०२३ पासून २२५० झाली. एका घरात दोन मुलं असतील तर दोघांची वेगवेगळी. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो आणि बालकल्याण समिती आदेश काढते. साधारण हे कागद लागतात: आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, राहिवासाचा पुरावा, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधारकार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचं बोनाफाईड प्रमाणपत्र, आणि घरासमोर पालकाबरोबर काढलेला मुलाचा फोटो. यातलं बोनाफाईड फक्त शाळाच देते. म्हणजे हजेरीपटावर नाव असेल तर पोटाच्या भाकरीचीही सोय लागते. आजी, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे.

पैसे दर महिन्याला घड्याळासारखे येतात असं समजू नका. कधी सहा महिन्यांचे एकदम येतात. धीर धरावा लागतो आणि कार्यालयात विचारत राहावं लागतं. गटातून एकीनं हे काम अंगावर घ्यावं, म्हाताऱ्या आजीला तालुक्याच्या चकरा मारायला लावू नये. आमच्या भावंडांचा पहिला हप्ता यायला नऊ महिने लागले. तोवर गटानं महिन्याला ज्वारी आणि तेल दिलं. कर्ज म्हणून नाही, आणि वहीत नाव न लिहिता.

जाता जाता जमिनीचं सांगतो, कारण विसरलं तर पुढं पस्तावा होतो. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर लेकरांची वारस म्हणून नोंद झाली आहे का, ते तलाठ्याकडं जाऊन बघा. मुलीचंही नाव लागलं पाहिजे. अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन सांभाळणाऱ्याला मनानं विकता येत नाही, आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. मग चुलता तर लांबच. आणि ज्यांना खरंच कुणी नाही अशा मुलांना महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळतं. २०१८ पासून राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत त्यांच्यासाठी एक टक्का राखीव जागा आहेत. कागद अठराच्या आत करून ठेवावा, नंतर धावपळ होते.

शाळेकडून काय मागायचं, तेही बोलू. आपण शाळा व्यवस्थापन समितीत असतो, निम्म्या जागा बायकांच्याच आहेत, पण पुष्कळदा सही करून उठतो. तिथं तोंड उघडा. 'माझी आई', 'माझे बाबा' असे निबंध देताना 'मला सांभाळणारं माणूस' असंही लिहायला चालेल, असं गुरुजींनी सांगावं. पालकसभेला आजी आली तर तिला मागं उभं करू नये. फॉर्मवर वडिलांची सही मागताना वर्गात मोठ्यानं "तुला वडील नाहीत ना?" असं विचारू नये. आणि वह्या-दप्तरं वाटायला येणाऱ्या पुढाऱ्यांबरोबर या मुलांना ओळीनं उभं करून फोटो काढणं बंद करावं. वही द्यायची तर सगळ्या वर्गाला द्या, नाहीतर गुपचूप द्या. आमच्या त्या मुलीनं असं एक दप्तर वर्षभर वापरलंच नाही. त्यावर देणाऱ्याचं नाव छापलेलं होतं.

सगळंच जमतं असं नाही. पलीकडच्या वस्तीवरचा एक मुलगा आमच्या हातून निसटला. तोही पोरकाच, दहा वर्षांचा. दिवाळीनंतर मामा ऊसतोडीला निघाले, तेव्हा बैलांसाठी त्याला बरोबर नेलं. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालवता येतं, म्हणजे आई-बाप फडावर आणि मूल गावातच राहून शाळेत. त्या वर्षी तिथं ते वेळेवर सुरू झालं नाही आणि आम्हीही पाठपुरावा केला नाही. मार्चमध्ये मामा परतले, मुलगा परतला, पण शाळेत आला नाही. म्हणाला, मला आता कामाची सवय झाली. यंदा दिवाळीआधीच आम्ही त्या मामांना भेटणार आहोत.

मुलगी आता आठवीत आहे. पुढच्या वर्षीचा घोर आम्हाला आत्तापासून लागला आहे, कारण कायद्याचा हक्क आठवीला संपतो आणि नववीचं हायस्कूल सहा किलोमीटरवर आहे. शाळेसाठी मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत मिळतो, पण सकाळची गाडी फाट्यावरून जाते, वाडीत येत नाही. फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालायचं, थंडीत तर अंधारच. आगारात अर्ज दिला आहे, दोन वेळा जाऊन आलो. वाडीतल्या आणखी पाच मुलींची नावं त्यावर आहेत. त्यांच्या आयांनी ठरवलं आहे की गाडी येईपर्यंत रोज एकीनं फाट्यावर सोडायला जायचं. आजीही पाळी मागत होत्या. त्यांना आम्ही नाही म्हणालो, तर रुसल्या. मग गुरुवार त्यांना दिला.

धाकटा तिसरीत गेला. कपाटाची किल्ली आता त्याला पाहिजे आहे, आणि बाई म्हणतात, आधी सगळे पाढे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक काम करा. आपल्या वाडीत, वस्तीवर, तांड्यावर आई किंवा बाप, किंवा दोन्ही गेलेली मुलं किती, त्यातली शाळेत किती जातात, आणि बालसंगोपनचा अर्ज किती जणांचा झाला आहे, ते मोजा. आकडा आमच्या केंद्रावर कळवा, मुलांची नावं नकोत. योजनेचा कोरा फॉर्म केंद्रावर सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोन मिळेल आणि भरूनही देऊ. येताना मृत्यूचे दाखले तेवढे शोधून आणा, सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.